लॅपटॉपवर काय टाकावे?

सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी लॅपटॉपवर विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्स यांपैकी एक ऑपरेटिंग सिस्टिम लागते. लिहिलेला प्रोग्रॅम शेवटी कुठे चालणार, यावर ही निवड ठरते. रायगडच्या किनारपट्टीत हाती असलेला लॅपटॉप आणि बेभरवशाची वीज यांचाही हिशेब धरावा लागतो.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षी शिकायची सी किंवा पायथन तिन्हींवर सारखीच चालते. फरक पडतो तो पुढे. वेबसाइटचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर असतात. मांडव्याच्या लाँचचे वेळापत्रक दाखवणारे पान कोणी विंडोजवर तयार केले, चित्राच्या फाइलचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू केले आणि प्रोग्रॅममध्ये तेच स्मॉल लिहिले, तर घरी चित्र दिसते. सर्व्हरवर चढवताच गायब होते. विंडोज सहसा हा भेद मानत नाही, लिनक्स मानतो. नवशिक्याची अख्खी रात्र अशा चुकीत जाऊ शकते. लिनक्सवरच काम करणाऱ्याला ती घरीच सापडते.

विंडोज सोडायचे नसेल, तर डब्ल्यूएसएल ही चांगली सोय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेल्या या सोयीमुळे विंडोजच्या आत लिनक्स चालतो. मात्र दोन्हींचा भार एकाच रॅमवर येतो. ८ जीबीत ओढाताण होते. आयफोनची अॅप करायची असतील तर मॅक हवाच, कारण त्यासाठीचे एक्सकोड फक्त मॅकवर चालते. अँड्रॉइडसाठी तो खर्च करण्याचे कारण नाही.

जुन्या लॅपटॉपचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप असलेला लिनक्स टाकला, तर ४ जीबी रॅमचे यंत्रही शिकण्यापुरते उपयोगी पडते. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यास फरक लगेच जाणवतो. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासावेत. डिस्कला हात लावण्यापूर्वी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी.

लिनक्सच्या नव्या आवृत्तीच्या मागे धावण्यापेक्षा उबुंटू या लिनक्स प्रकाराची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी, आवृत्ती बरी. ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षेचे अपडेट मिळतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब आणि मोबाइल टॉवर कोसळून गावेच्या गावे संपर्काबाहेर गेली. अशा भागात इंटरनेटशिवाय काम चालणे महत्त्वाचे. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या डीव्हीडी प्रतींत हजारो प्रोग्रॅम असतात. चांगले नेट मिळेल तिथे त्या एकदाच पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, की कंपायलर आणि माहितीपुस्तिका घरबसल्या टाकता येतात.