भाताची नक्कल करणारे गवत

लावणी झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी घरची मंडळी बेणणीसाठी कुणग्यात उतरतात. आपल्यापैकी पुष्कळजण त्यांच्या मदतीला जातात. तेव्हा कधी भाताचे रोप उपटले जाते, तण तसेच राहते आणि बोलणी खावी लागतात. असे फसवणारे तण म्हणजे रानटी सावा. तो का फसवतो, हे येथे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

जगात जेथे भात पिकतो तेथे बहुतेक सगळीकडे हे गवत आढळते. भाताच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात, याच्या पेशीत 54. जात एकच, पण सगळी झाडे सारखी नसतात. काही आडवी पसरतात व त्यांचा बुंधा जांभळट असतो. काही भाताप्रमाणे सरळ उभी आणि हिरवी. हा फरक जनुकांतला आहे. त्यातही याचे बी बहुतांशी स्वपरागणाने धरते, म्हणून लेकरे आईच्याच वळणावर जातात.

आता बेणणाऱ्याचा हात प्रथम कोठे जाईल? जांभळ्या, पसरट झाडाकडेच. हिरवे, उभे झाड वाचते आणि बी टाकते. शेकडो वर्षे असे चालले म्हणजे शेतात नक्कल करणारेच उरणार. गवताला अक्कल नसते, निवड आपण केली! चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यातील 328 नमुन्यांची जनुके तपासणारे संशोधन 2019 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार तेथील नकली सावा सुमारे एक हजार वर्षांपूर्वी निर्माण झाला. त्याच काळात त्या खोऱ्यात वस्ती आणि भातशेती वाढली होती.

मात्र नक्कल पुरी साधलेली नाही. पान जेथे खोडाला मिळते तेथे ते किंचित मागे वाकवून पाहा. भाताला तेथे पातळ, पांढरट जिभली दिसेल. साव्याला ती नसते.

पालकांना एक सांगावेसे वाटते. मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशक मारले जाते, यात नवल नाही. पण औषधही निवडच करते. त्याला दाद न देणारे एखादे झाड असले तर तेच उरते. हरियाणा-पंजाबात गव्हातील मंडूसी गवताने 1990 च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या औषधाला जुमानले नाही. काही शेतकऱ्यांना उभा गहू हिरवाच कापून गुरांना घालावा लागला. म्हणून दरवर्षी तेच औषध नको, आणि फवारणीतून वाचलेला सावा फुलण्यापूर्वी हाताने काढावा, असे आमचे मत आहे. त्याच्या एका झाडाला हजारो बिया येतात, आणि भात कापणीला येण्याआधीच त्यांतील पुष्कळशा कुणग्यात गळून पडलेल्या असतात.