काटकसर कोणाची, टंचाई कोणाची?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर फिरून आलेला शहरी माणूस हटकून म्हणतो, 'किती साधी, समाधानी माणसं!' नागलीची भाकरी, कुडाचे घर. काही वाया जात नाही, याचे त्याला भारी कौतुक. स्वतः मात्र चालता मोबाईल टाकून नवा घेतो आणि लग्नात भरली ताटे उष्टी टाकतो.

१९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तशीच बातमी आली. ही बालके काय काटकसरीने मेली? मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला, पाणी मुंबईला. इथली बाई उन्हाळ्यात टँकरची वाट पाहते. भातकापणी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. ही साधी राहणी नव्हे, लादलेली टंचाई आहे.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाच्या साध्या राहणीवर कठोर टीका केली. बुद्धानेही दारिद्र्याला पुण्य म्हटले नाही. तृष्णेला आवर घालायला सांगितले. आवर घालायचा तो ज्याच्या ताटात आहे त्याने. ज्याचे ताटच रिकामे, त्याला संयम शिकवणे ही क्रूर थट्टा आहे.

लोकांचे पोषणमान उंचावणे हे संविधानाच्या ४७व्या कलमाने राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. ते बजावून घेण्यासाठी झगडले पाहिजे. आणि जयंतीला डीजेवर पैसा उधळणाऱ्या आपल्या मंडळांनी आधी स्वतःला विचारावे: आपण नेमके कोणाच्या बाजूचे?