तिखोनोव्हची तालीम

व्हिक्टर तिखोनोव्ह यांच्या नावावर जमा असलेले यश अचंबित करणारे आहे. सोव्हिएत आइस हॉकीचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके मिळवली आणि आठ जागतिक अजिंक्यपदे जिंकली. मॉस्कोच्या ‘सेस्का’ या सैन्यदलाच्या संघाला १९७८ ते १९८९ अशी सलग बारा वर्षे त्यांनी राष्ट्रीय विजेता ठेवले. असे असूनही त्यांच्या हाताखाली घडलेल्या मोठ्या खेळाडूंपैकी काहींच्या बोलण्यात पुढे कृतज्ञतेपेक्षा सुटकेचीच भावना अधिक दिसते. ही कारकीर्द अभ्यासताना मला एकच प्रश्न सतत पडत राहिला. या यशात शिकवण्याचा वाटा किती आणि कोंडून ठेवण्याचा किती?

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही, म्हणून आधी त्याविषयी थोडे. बर्फावर गोलरक्षकासह सहा जण असतात. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा. वेग इतका, की मिनिटभरातच दम लागतो. त्यामुळे तीन आघाडीचे आणि दोन बचावपटू अशा पाच जणांच्या फळ्या आळीपाळीने उतरतात. कोणती फळी कधी उतरवायची, हे ठरवणे प्रशिक्षकाच्या हातातले मोठे हत्यार.

तिखोनोव्ह यांचा जन्म १९३० चा, मॉस्कोतला. युद्धकाळात कोवळ्या वयातच ते बस-आगारात फिटरचे काम करू लागले. पुढे हवाई दलाच्या संघात ते बचावपटू झाले. या संघावर स्टालिन यांचे चिरंजीव वासिली यांचा वरदहस्त होता. १९५१ ते १९५३ अशी तीन वर्षे हा संघ विजेता ठरला, आणि स्टालिन यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी तो मोडीत निघाला. तिखोनोव्ह मॉस्कोच्या दिनामो संघात गेले आणि पुढच्या वर्षी तिथेही विजेते ठरले. खेळाडू म्हणून ते भरवशाचे होते, पण जागतिक स्पर्धेत किंवा ऑलिंपिकमध्ये त्यांना कधी संधी मिळाली नाही. सत्तेची मर्जी संघ उभाही करते आणि एका रात्रीत पुसूनही टाकते, हा धडा मात्र त्यांना तेविसाव्या वर्षीच मिळाला.

प्रशिक्षक म्हणून त्यांची खरी परीक्षा झाली ती लाटव्हियात. १९६८ मध्ये त्यांनी खालच्या श्रेणीतला रिगाचा दिनामो संघ हाती घेतला आणि काही वर्षांत तो देशातल्या अव्वल संघांच्या पंक्तीत नेऊन बसवला. हाताशी मोठे खेळाडू नव्हते, म्हणून त्यांनी वेगावर भर दिला. इतर संघ तीन फळ्यांवर खेळत असताना ते चार फळ्या वापरू लागले. प्रत्येक फळी थोडाच वेळ बर्फावर राही, पण पूर्ण ताकदीने खेळे. कल्पना त्यांची होती, आणि ती राबवायला त्यांना कोणाला कोंडावे लागले नव्हते.

१९७७ मध्ये सेस्का आणि राष्ट्रीय संघ ही दोन्ही सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि चित्र पालटले. सेस्काचे खेळाडू सैन्यात असत. त्यामुळे देशातला कोणताही गुणी मुलगा सैन्यभरतीच्या वाटेने या संघात आणता येई, आणि संघ सोडणे म्हणजे सैन्य सोडणे ठरे. आर्खांगेल्स्कोयेच्या सराव-तळावर खेळाडू वर्षातले दहा-अकरा महिने राहत. घर जवळच मॉस्कोत असले, तरी बायकामुलांची भेट सवलतीने मिळे.

२२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या विद्यापीठांतल्या पोरांनी या संघाला ४-३ असे हरवले. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी याच पोरांचा सोव्हिएत संघाने १०-३ असा धुव्वा उडवला होता. पहिले सत्र संपायला एक सेकंद असताना अमेरिकेने बरोबरी साधली आणि तिखोनोव्ह यांनी जगातला सर्वोत्तम गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याला बाहेर बसवले. त्याच्या जागी आलेला मिश्किन काही ऐरागैरा नव्हता. वर्षभरापूर्वी त्याने उत्तर अमेरिकेच्या निवडक खेळाडूंविरुद्ध एकही गोल होऊ दिला नव्हता. तरीही हा निर्णय आपली मोठी चूक होती, असे तिखोनोव्ह यांनी नंतर मान्य केले. चार वर्षांनी सारायेवोत सुवर्णपदक जिंकून दिल्यावर त्रेत्याकने विनंती केली, की मी घरी राहीन आणि सरावाला येत जाईन. ती नाकारली गेली. बत्तिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला.

मग आतून तडे जाऊ लागले. फेतिसोव्ह, कसातोनोव्ह, लारिओनोव्ह, माकारोव्ह आणि क्रुतोव्ह ही फळी त्या काळची जगातली सर्वोत्तम. १९८८ मध्ये इगोर लारिओनोव्ह यांनी ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात प्रशिक्षकांना उद्देशून उघड पत्र लिहिले आणि कोंडवाड्याचे सगळे वर्णन छापून आले. परदेशी खेळायला जाण्याचा हट्ट धरल्यामुळे फेतिसोव्ह यांना संघाबाहेर काढण्यात आले. तेव्हा त्यांच्याशिवाय आम्ही खेळणार नाही, असे सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले. फेतिसोव्ह परतले, संघाने स्टॉकहोमला १९८९ चे अजिंक्यपद जिंकले आणि तिथूनच तरुण अलेक्सांद्र मोगिल्नी अमेरिकेला पळाला.

आता तिखोनोव्ह संपले, असेच वाटावे. पण १९९२ मध्ये सोव्हिएत संघराज्य विसर्जित झालेले, ध्वज ऑलिंपिकचा, राष्ट्रगीताच्या जागी ऑलिंपिक गीत, मोठे खेळाडू बहुतेक परदेशी गेलेले. अशा स्थितीत पोरसवदा संघ घेऊन त्यांनी अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ असे हरवले. हे केवळ जेलरचे काम नव्हे, हे मान्य करावेच लागते. पण याच विजयाला एक डागही आहे. पदके फक्त खेळाडूंना मिळतात. निकोलाय खबिबुलिन या राखीव गोलरक्षकाचे पदक तिखोनोव्ह यांनी स्वतःकडे ठेवले. ते त्याला मिळाले २००२ मध्ये, दहा वर्षांनी.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला सापडते ते डेट्रॉइटमध्ये. फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, फ्योदोरोव्ह आणि कोन्स्तान्तिनोव्ह हे सेस्कात घडलेले चौघे आणि जोडीला कोझ्लोव्ह, अशी पाच रशियनांची फळी तिथे एकत्र आली. पक झटपट एकमेकांकडे सोपवत जाणे, जागा बदलत राहणे, घाई न करणे हे सगळे मॉस्कोतल्या वळणाचेच. १९९७ मध्ये त्यांच्या संघाने स्टॅन्ली करंडक जिंकला. सराव संपला, की हे खेळाडू आपापल्या घरी जात.

म्हणजे विद्या खरी होती आणि ती टिकली. तिच्यासाठी कुंपण अटळ आहे, हा समज मात्र खोटा ठरला. आपल्याकडच्या तालमीतही वस्तादाचा दरारा असतोच. पण शागीर्द तालमीबाहेर पडून स्वतःच्या बळावर कुस्ती जिंकतो, तेव्हा वस्तादाची विद्या सिद्ध होते. तिखोनोव्ह यांची विद्या सिद्ध केली ती त्यांच्यापासून दूर गेलेल्यांनी. २००४ मध्ये ते पुन्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. आता खेळाडूंना अडकवून ठेवण्याची सत्ता त्यांच्या हाती नव्हती. जागतिक स्पर्धेत रशिया दहाव्या क्रमांकावर राहिला. दहा वर्षांनी, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांचे निधन झाले.