गाजरगवताची ओळख

पावसाच्या पहिल्या सरी पडून आठपंधरा दिवस झाले, कीं कुंपणापाशीं, गटाराच्या कडेला व मोकळ्या जागेंत कातरलेल्या पानांचें एक रोप जमिनीशीं सपाट पसरलेलें दिसूं लागतें. पानें गाजराच्या पाल्यासारखीं, म्हणून त्यास गाजरगवत म्हणतात. काँग्रेस गवत हें त्याचें दुसरें नांव. शास्त्रीय नांव पार्थेनियम. वास्तविक तें गवतही नव्हे आणि गाजरही नव्हे. सूर्यफूल, झेंडू व शेवंती ह्यांच्या कुळांतलें तें एक वर्षायु तण आहे.

ह्या कुळाची खूण अशी कीं, लोक ज्याला एक फूल म्हणतात तो वस्तुतः चिमुकल्या फुलांचा मेळावा असतो. गाजरगवताचें पांढरें फूल जोंधळ्याच्या दाण्याएवढें. पण भिंगाखालीं धरल्यास मध्यें सुमारें ४० बारीक फुलें दाटीनें बसलेलीं आणि कडेला ५ निराळीं फुलें दिसतात. बीं धरतें तें ह्या पांचांतच. मधल्या फुलांचें काम पराग देण्याचें. ह्या पांच टोकांमुळें सबंध फूल किंचित् पंचकोनी दिसतें. खोडावर उभ्या रेघा असतात. खऱ्या गाजराचीं फुलें छत्रीसारख्या गुच्छांत येतात, आणि दवण्याची साक्ष त्याचा सुगंधच देतो. मात्र वास घेण्यासाठीं संशयित रोप हातानें चुरडणें शहाणपणाचें नव्हे.

परंतु फुलाची वाट पाहणेंच महागांत पडतें. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यांत रोप फुलतें, आणि एकेका झाडापासून हजारों बिया वाऱ्यापाण्याबरोबर पसरतात. त्यांतील पार्थेनिन नांवाच्या द्रव्यानें कित्येकांच्या त्वचेस दाह होतो. एकदां शरीरास त्याचें वावडें जडलें, कीं झाडास हात न लावतांही, हवेंतल्या कणांनीं पापण्या, मान व कोपरांच्या खोबणी चिघळतात. हें दुखणें वर्षानुवर्षें पाठ सोडीत नाहीं. म्हणून पानें जमिनीलगत आहेत तोंच, ओल्या मातींतून, हातमोजे घालून, मुळासकट उपटावें. नुसतें कापल्यास तें पुन्हां फुटतें.

हें मूळचें उष्ण अमेरिकेंतलें. पुण्यास तें १९५५ सालीं आढळलें व पुढें देशभर पसरलें. पी. एल. ४८० च्या करारान्वयें आलेल्या गव्हांतून तें आलें, असा प्रवाद आहे. पण भारताशीं तो पहिला करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्यें. तारखांचा हा मेळ बसत नाहीं, तरी प्रवाद टिकून आहे.

मेक्सिकोहून आणलेले, पानें खाणारे भुंगेरे १९८४ सालीं बंगलोरास सोडण्यांत आले. ते पावसाळ्यांत पाल्याची चाळण करतात, पण कोरड्या दिवसांत मातींत निजून राहतात. शहरांतल्या गृहस्थास त्याहून सोपा उपाय टाकळ्याचा. पावसापूर्वीं मोकळ्या जागेंत त्याचें बीं टाकलें, तर तो दाट वाढून गाजरगवतास दाबून टाकतो. शिवाय त्याच्या कोंवळ्या पानांची भाजी होते.