वडिलांचं घर कोणाचं? खायेलित्शाच्या दोन बहिणींची केस

आज जाऊया दक्षिण आफ्रिकेत. केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एक सुतार आणि त्याची जोडीदार तात्पुरत्या झोपडीत राहायचे; त्यांना दोन मुली होत्या. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. घरासाठी सरकारी अनुदानातून जागा आणि बांधकामाचं सामान घेतलं होतं. २००२ मध्ये तो वारला. मृत्युपत्र नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग सगळं मुलींचं. पण वारस ठरले आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील. आणि त्यांना अंत्यविधीचा खर्च भागवायला ती जागाच विकायची होती!

असं का? तर तिथे कृष्णवर्णीयांसाठी १९२७ चा वेगळा कायदा होता. मृत्युपत्र नसेल तर बरीचशी मालमत्ता रूढीप्रमाणे जायची. रूढी म्हणजे आधी थोरला मुलगा, तो नसेल तर नात्यातला दुसरा पुरुष. मुलींना आणि बायकोला वारसा नाही.

आता मी या रूढीची बाजू घेत नाहीये, पण तिच्यामागचा विचार समजून घ्या. पूर्वी वारस हा घराचा कारभारी असायचा. गुरं, जमीन त्याच्या हाती, पण सगळ्यांना सांभाळायचं कामही त्याचंच. पुढे कुटुंबं शहरात विखुरली. वारसाला मालमत्ता मिळत राहिली, सांभाळायची जबाबदारी मात्र बऱ्याचदा सुटली. लोक व्यवहारात बदलत होते, पण कायद्याच्या पुस्तकातली रूढी गोठून राहिली.

मुलींच्या आईने कोर्टात दाद मागितली. ‘भे’ खटला म्हणतात तो हाच. ऑक्टोबर २००४ मध्ये घटना न्यायालयाने पुरुष-वारसाचा नियम रद्द केला. समानता आणि प्रतिष्ठेच्या हक्कांत तो बसत नाही, असं न्यायमूर्ती पायस लांगा यांच्या बहुमताच्या निकालाने सांगितलं. दोघी बहिणी समान वाट्याच्या वारस ठरल्या. न्यायमूर्ती संदिले एन्गकोबो यांचं मत थोडं वेगळं होतं: नियम मोडू नका, सुधारा, थोरल्या मुलीलाही वारस होऊ द्या.

मग २००९ मध्ये नवा कायदा झाला, २०१० पासून लागू. आता मृत्युपत्र नसलं तरी बायको आणि मुलं वारस. बायका एकाहून जास्त असतील तर प्रत्येकीला हिस्सा. आईवडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलांचा हक्क जात नाही.

पण कागदावरचा हक्क मागायला कोणीतरी उभं राहावं लागतं. इथे आई उभी राहिली, म्हणून मुलींची जागा वाचली.

भेटू पुढच्या भागात!