लव कोणत्या बाजूला? : टेडी अस्वलाची घडण

चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरे कापण्या-शिवण्याच्या खात्यात माझी चोवीस वर्षे गेली. मखमली कापड टेबलावर आले की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : लव कोणत्या बाजूला? तळहात फिरवला की कळते. लव उलटसुलट पडली तर एकाच ताग्यातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात आणि माल परत येतो. टेडी अस्वलांच्या अभ्यासात मी शिरलो तो याच दाराने.

नावाची कथा बहुतेकांना ठाऊक असते. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले. सोबत्यांनी झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर त्यांनी गोळी झाडली नाही. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर काढलेले व्यंगचित्र १६ नोव्हेंबरला 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये छापून आले आणि ब्रुकलिनमधल्या मॉरिस व रोझ मिचटम या दुकानदार दांपत्याने कापडी अस्वल शिवून त्याला 'टेडी' हे नाव दिले. जखमी अस्वलाला नंतर अध्यक्षांच्याच सांगण्यावरून सुरीने मारले गेले, हा भाग मात्र खेळण्यांच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

मला अधिक ओढ आहे ती जर्मनीतल्या गिंगेन गावाची. तिथल्या मार्गारेट स्टाइफ (जन्म १८४७) यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पाय गेले, उजवा हात अधू झाला, तरी त्या शिवण शिकल्या. १८८० मध्ये त्यांनी नमद्याचा छोटा हत्ती केला, तो टाचण्या खोचायला. मुलांनी तो खेळायला पळवला आणि धंदा तिथून वाढला. त्यांचा पुतण्या रिचर्ड स्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची रेखाटने करी. १९०२ मध्ये त्याने हातपाय हलवता येतील असे अस्वल घडवले. नाव '५५ पीबी' : ५५ सेंटिमीटर उंची, 'पी' म्हणजे प्लश आणि 'बी' म्हणजे हलणारे. १९०३ च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने अशी तीन हजार अस्वले मागवली. त्या पहिल्या नमुन्यांपैकी एकही आज उपलब्ध नाही. नकला होऊ लागल्या तेव्हा, १९०४ पासून, कानात धातूचे बटण ठोकायला सुरुवात झाली. १९०७ या एका वर्षात त्या कारखान्यातून सुमारे ९ लाख ७४ हजार अस्वले बाहेर पडली.

आता घडण. जुने अस्वल मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या प्लशचे. कागदी साच्यावर लवेचा बाण काढलेला असतो. साचा कापडाच्या मागच्या बाजूला ठेवायचा, डाव्या-उजव्या अंगांसाठी एकदा सुलटा, एकदा उलटा. कापताना कात्रीचे फक्त टोक चालवायचे, नुसते विणीचे कापड कापले जाते आणि लव शाबूत राहते. आमच्याकडे थरावर थर रचून यंत्राने कापतात, तिथे हे लाड परवडत नाहीत. शिवण झाली की तिच्यात अडकलेले केस सुईने एकेक बाहेर ओढतात, मग सांधा दिसेनासा होतो.

सांधे हा खरा कारागिरीचा भाग. खांद्याशी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, एक हातात आणि एक धडात. दोन्हींतून कॉटर पिन घालून तिची टोके पक्कडीने गुंडाळायची. ढिली राहिली तर हात लोंबतो, जास्त आवळली तर फिरत नाही. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. पोटात लाकडाचा बारीक कीस काठीने ठासून भरायचा. नाकाशी सर्वांत घट्ट, कारण तिथे रेशमी दोऱ्याचे टाके घालायचे असतात. डोळे सुरुवातीला बुटाच्या बटणांचे, नंतर काचेचे. मुलांच्या दृष्टीने दोन्ही धोक्याचेच. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमधल्या वेंडी बोस्टन यांनी धुता येणारे, कृत्रिम धाग्याचे अस्वल आणले, आणि आज तुळशीबागेत मिळते ते त्याच वंशातले.

संग्राहक पैसे मोजतात ते मात्र जुन्या वंशासाठी. डिसेंबर १९९४ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात 'टेडी गर्ल' नावाचे स्टाइफ अस्वल १ लाख १० हजार पौंडांना गेले. ते एका ब्रिटिश कर्नलच्या लहानपणापासून त्याच्याजवळ होते. माझ्या मते त्या किमतीत मोहेरचा वाटा थोडा, अखंड ओळखीचा मोठा : कुणी केले, कधी केले, कुणाकडे होते, हे सगळे सांगता येत होते.

आपल्याकडे नेमके तेच हरवते. लाकडाची रंगवलेली ठकी, सावंतवाडीच्या चितारींची खेळणी, आजीने चिंध्यांची केलेली बाहुली : यांतल्या किती वस्तूंवर करणाऱ्याचे नाव आहे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी खेळणी पाहताना हाच प्रश्न पडतो. पिंपरी-चिंचवडमध्ये सॉफ्ट टॉइजचा क्लास केलेल्या कितीतरी बायका आहेत. त्यांची शिलाई मी पाहिली आहे. ती आमच्या खात्यात सहज चालली असती.

त्यांच्यापुढे आता कायद्याचाही प्रश्न आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे, पण ती नोंदणी झाली असेल तरच. घरी शिवणाऱ्या बाईने म्हणून आधी ते ओळखपत्र काढावे.

सूट मिळाली तरी चाचणी सोडू नये. सहा मिलिमीटरहून मोठ्या डोळ्याने ९० न्यूटन, म्हणजे नऊ किलोंहून थोडा अधिक ओढा दहा सेकंद सोसला पाहिजे. हुकाच्या साध्या स्प्रिंगकाट्याने घरी अंदाज घेता येतो. सीटच्या एअरबॅगजवळची शिवण आम्ही मुद्दाम नाजूक दोऱ्याने घालतो, ती वेळेला उसवली पाहिजे म्हणून. खेळण्यात नेमके उलट. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडेपर्यंत अस्वल टेबलावरून हलवायचे नाही, हा नियम दोन्हीकडे एकच. आणि पाठीची शेवटची शिवण बंद करण्याआधी सुती पट्टीवर आपले नाव, गाव आणि वर्ष लिहून ती आतून टाचावी. पट्टी दोन बोटे पुरते.