जवाचा चोथा

जयपूरच्या सीकर रोडलगत मुरलीपुरा आहे, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी. उन्हाळ्यात तिथल्या घरांत जवाचं पीठ ताकात कालवून हंडीत घालतात आणि हंडी उन्हाला ठेवतात. दुपार कलेपर्यंत वर बारीक बुडबुडे धरतात, आंबूस वास सुटतो. मग मंद आचेवर रटरटवायची, रात्रभर निवू द्यायची आणि सकाळी वर ताक घालून प्यायची. ही राबडी. आपल्या गोड रबडीशी तिचं काही नातं नाही. ती आंबिलीची सख्खी बहीण. मी ती पहिल्यांदा प्यायलो तेव्हा थंडगार वाटी संपल्यावर जिभेवर जवाची किंचित भाजकी, मातकट चव रेंगाळली. हीच चव मला पुढे वेगळ्याच जागी भेटली.

जव, म्हणजे आपला सातू, देशात सर्वाधिक पिकतो तो राजस्थानात. जयपूरच्याच दुर्गापुऱ्यातल्या कृषी संशोधन संस्थेने आर. डी. मालिकेतले वाण काढले. त्यांतले काही खास माल्टसाठी. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. मोड फुटताना दाण्यात जी पाचकद्रव्यं तयार होतात, त्यांच्यावरच बिअरचा सगळा खेळ.

भरडलेला माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवतात. दाण्यातल्या पिष्टाची साखर होते, ती पाण्यात उतरते. गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांबरोबर, उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं. घरगुती २० लिटरच्या घाण्याला साधारण साडेचार किलो माल्ट लागतो, आणि मागे पाचेक किलो ओला चोथा उरतो. अमेरिकेत १९७९ पासून घरी बिअर करायला संघराज्याच्या कायद्याने मोकळीक आहे. तिथे घरी बिअर करणाऱ्यांपुढे हा चोथ्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे नाही. महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा आणि राजस्थानचा १९५० चा अबकारी कायदा, दोन्हींत परवान्याशिवाय बिअर गाळणं गुन्हा आहे. तेव्हा हा चोथा पाहायचा तर मायक्रोब्रुअरी, म्हणजे परवाना असलेली छोटी बिअरशाळा, गाठायची.

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ साली पुण्यात निघाली. हे नाव आपल्याच देवळालीचं, गोऱ्या शिपायांच्या तोंडी बिघडलेलं. पुण्यातल्याच एका ब्रुअरीतून मी दोन किलो चोथा घरी आणला. डबा उघडला तर वाफ येत होती, आणि मुरलीपुऱ्याच्या हंडीवरचा तो ओळखीचा वास.

चोथ्यात साखर फारशी उरत नाही, पण बाकी दाणा जवळजवळ शाबूत असतो. वाळवला तर पाचवा हिस्सा प्रथिनं, आणि त्याहून कितीतरी जास्त तंतू. जगभर तो मुख्यतः गाईगुरांना जातो. आपल्या आंबोणात तो चपखल बसतो, मात्र सुक्या वैरणीच्या जोडीने आणि बेतानेच. बंगळुरूत एलिझाबेथ यॉर्क यांच्या 'सेव्हिंग ग्रेन्स'ने ब्रुअरीच्या चोथ्याचं पीठ करून माणसांच्या ताटात आणलं. मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. गुरांना देणं चांगलंच. पण माणसाच्या अन्नासाठी पिकवलेल्या दाण्याचा पहिला हक्क ताटावर आहे.

अडचण एकच, चोथा थांबत नाही. त्यात चार भागांतले तीन भाग पाणी. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबट होतो, पुढे बुरशी धरतो. मी निम्मा चोथा फडक्यात घट्ट पिळून ताटांत पातळ पसरला आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवून मिक्सरवर दळला. कुसं घशाला टोचतात, म्हणून पीठ बारीक चाळणीतून काढावं लागलं. भाजणीच्या चार वाट्यांना अर्धी वाटी हे पीठ, कांदा, ओवा, तिखट. थालीपीठ खमंग झालं, कडा जास्त कुरकुरीत. एक वाटी घातली तेव्हा मात्र ते थापताना फुटलं. चोथ्याला चिकटपणा नसतो.

उरलेला ओला चोथा शेजारच्या गोठ्यात गेला. कुत्र्याला बिस्किटं करून देणाऱ्यांनी एवढं पाहावं की चोथा हॉप्स घालण्यापूर्वीचा आहे. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.

तुमच्या गावात मायक्रोब्रुअरी असेल तर माल्ट गाळतात त्या दिवशी झाकणाचा डबा घेऊन जा, चोथा मागा, आणि त्याच दिवशी वाळत घाला.